साक्ष झाली तेवढाच दगड

माझ्या हातून जितकी माणसं मेली तितकी एखाद्या सरदाराच्या हातूनही मेली नसतील. फरक एवढाच, की माझ्याकडे येईपर्यंत ती आधीच मेलेली असायची. मी त्यांना दगडात पुन्हा एकदा पाडत असे. खालच्या चौकटीत लढाई आणि त्यात पडलेला गडी, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच गडी, आणि सगळ्यांच्या वर चंद्र-सूर्य. याला वीरगळ म्हणतात. वेशीत, देवळापुढे, ओढ्याच्या काठी अशा वीरगळी उभ्या असतात आणि लोक जाता-येता त्यांना हात लावतात. त्या कोणी कोरल्या हे कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलेलं नाही, मीच सांगतो आहे. अक्षरं मी दगडात कोरण्यापुरती शिकलो, कागदाकडे फार उशिरा आलो, तेव्हा वळण वाईट दिसलं तर वाचणाऱ्याने डोळे जरा बारीक करावेत.

आमचं घर आणि कामाची जागा पुण्याच्या कसब्यात, मुठेकडे उतरणाऱ्या वाटेवर. अंगणात चिंच, चिंचेखाली दगड, दगडापुढे मी. टाक्या बोथट झाल्या की बायको भाता चालवायची, मी त्या तापवून ठोकायचो आणि धारेला पाणी द्यायचो. आमचं बहुतेक बोलणं भात्याच्या आवाजावर ओरडून चालायचं, त्यामुळे आम्ही सदा भांडतो असं शेजाऱ्यांना वाटे. तसे आम्ही भांडायचोही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कोणाला आपल्या बापाची मिशी दगडात कमी झाली असं वाटायचं. कोणाला भावाचा घोडा शेजाऱ्याच्या भावाच्या घोड्यापेक्षा उंच हवा असायचा. शनिवार पेठेतल्या एका गृहस्थाने सांगितलं, की आमच्या काकांच्या अंगावर चांगले ठळक वार दाखव. काका छावणीत हगवणीने गेले होते. मी म्हणालो, "वार दाखवतो, पण मग लढाई कोणाशी चालली होती तेही आपणच सांगावं." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. बायको दोन दिवस बोलत नव्हती, कारण ते बरं काम होतं.

पण मी ते काम सोडलं ते नुसत्या तोंडाळपणापायी नव्हे. आमच्या घरात एक चाल होती. वीरगळीच्या खालच्या चौकटीला पहिली टाकी लागायच्या आधी, ते मरण ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्या माणसाने दगडावर हात ठेवायचा आणि काय पाहिलं ते मोठ्याने सांगायचं. भाल्याने पडला की गोळीने, घोड्यावर होता की पायउतार, तोंड शत्रूकडे होतं की नव्हतं. तो सांगेल तसं आम्ही कोरायचं. काम नेहमी खालून वर चालतं, म्हणजे आधी मरण आणि मग स्वर्ग. खालची चौकट झाल्याशिवाय वरच्या दोन चौकटींना हात लावायचा नाही. आजा असंच करायचा, बापानेही असंच केलं, आणि मला ती चाल पटलेली होती. तोंडाने माणूस काहीही बोलतो आणि उद्या फिरवतो. दगडात गेलेलं पुसता येत नाही, ते वाचणारी माणसं पुढे जन्मायची असतात आणि त्यांना बिचाऱ्यांना खरंखोटं विचारायला कोणी उरलेलं नसतं.

मग पानिपत झालं. पुण्यात त्या वर्षी घराघरांतून काय चाललं होतं ते मी सांगत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. माझ्या धंद्यापुरतं सांगतो. एवढी माणसं गेली, आणि गेलेल्यांपैकी कोण मेला, कोण कैदेत पडला, कोण लंगडत कुठल्या जाटाच्या गावात पडून आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. शुक्रवार पेठेतला एक जण स्वतःच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी चालत घरी आला. भटजींना निरोप पाठवून परत फिरवावं लागलं, आणि ते जरा नाराजच झाले असं ऐकलं. असे आणखीही आले. थोडे आले, पण आले.

साक्षी कुठून मिळणार? बाकीच्या पाथरवटांनी ही चाल सोडून दिली. त्यांनाही मी फार नावं ठेवत नाही, त्यांनाही पोरंबाळं होती. पण त्यांच्यातले काही जण पुढे तयार वीरगळी करून ठेवू लागले. लढाई झालेली, गडी पडलेला, अप्सरा वर निघालेल्या, फक्त पागोट्याची जागा कोरी. गिऱ्हाईक आलं की त्यांच्या जातीचं पागोटं चढवायचं आणि गाडीत घालून द्यायचं. ते पाहिलं की माझं डोकं फिरायचं. बायको म्हणायची, "जग चाललंय त्या वाटेने, आणि तुम्ही बसा साक्ष मागत."

मी म्हणायचो, "बसतो."

अशात कोथरूडचे पाटील आले. कोथरूड आमच्याकडून मुठेपलीकडे, शेताशेतांतून जायचं गाव. पाटील मोठ्या अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की चिंचेवरचे कावळे उठावेत. दगड त्यांनी स्वतःच आणला होता. वारज्याच्या अंगाच्या टेकडीतला, काळाभोर, कुठे शीर नाही की भेग नाही. मी त्यावर नुसता हातोडा टेकवला तर तो घंटेसारखा वाजला. असा दगड पाहिला की माझी मती जरा जाते.

"थोरल्या ल्योकाची वीरगळ करायची," पाटील म्हणाले. "मारुतीम्होरं हुबी करायची. वारज्यात हुबी ऱ्हायली, पल्याडच्या गावात हुबी ऱ्हायली. आमच्या गावातनं कुनी ग्येलंच न्हवतं व्हय? येनारं-जानारं इचारत्यात."

"मरण कोणी पाहिलं?"

"सगळ्यांनीच पाह्यलं. आख्खी फौज बुडाली, तुमाला ठावं न्हाई?"

"फौजेचं नाही विचारत. तुमच्या मुलाचं."

पाटलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली. मग म्हणाले, "आनू की साक्षी. तुमी कामाला लागा." त्यांनी विडा पुढे केला. आमच्यात विडा उचलला म्हणजे काम अंगावर घेतलं, मग ते टाकता येत नाही. मी दगडाकडे पाहिलं आणि विडा उचलला.

दगड घडवून घेण्यात काही दिवस गेले. चारी बाजू साफ केल्या, तीन चौकटी आखल्या, माथ्याला गोलाई दिली. पुढे करण्यासारखं काही नव्हतं. पाटील दर बाजाराच्या दिवशी येत, कोरा दगड पाहत आणि वैतागून जात. "आजून हात न्हाई लावला?" मी म्हणे, "साक्षी?" ते म्हणत, "येतोय." असं चाललं होतं.

एके दिवशी सकाळी एक तरुण बाई अंगणात आली. सोबत घरकामाची एक म्हातारी कुळंबीण होती. जोगेश्वरीच्या दर्शनाला म्हणून गावातून निघाल्या होत्या आणि दर्शन न घेताच आधी इकडे आल्या होत्या. बाईच्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. ती थेट दगडापुढे जाऊन उभी राहिली.

"ह्योच का कोथरूडच्या पाटलांचा दगुड?"

"हाच. तुम्ही कोण?"

"ज्याचा हाय त्याची बायकू," ती म्हणाली.

मी टाकी खाली ठेवली. आजवर कितीतरी वीरगळी केल्या, पण दगड पाहायला बायको कधी आली नव्हती. घरातले पुरुष यायचे. बायका तोपर्यंत विधवा होऊन कोपऱ्यात बसलेल्या असायच्या.

तिने खालच्या आखलेल्या चौकटीवर बोट ठेवलं. "हितं त्येनला पडल्यालं दावनार?"

"साक्षी आला तर."

"आन् न्हाई आला तर?"

"तर नाही."

तिला ते खरं वाटलं नसावं. मग तिने जे सांगितलं ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. ज्या दिवशी वीरगळ उभी राहील त्याच दिवशी, त्याच मारुतीपुढे, गावाच्या देखत तिच्या बांगड्या फोडायच्या आणि डोरलं तोडायचं असं घरात ठरलं होतं. सासऱ्याला वर्षभर रस्त्याकडे बघून बघून आता ते सोसवत नव्हतं. मुलगा मेला असं एकदा ठरलं की रडून मोकळं होता येईल, गावातही मान राहील, असं त्याने मनाशी घेतलं होतं.

"म्या काय भांडकुदळ न्हाई," ती म्हणाली. "कुनी पाहून येऊन सांगावं, म्या सोता वरवंटा घिऊन ह्या फोडीन. पर मामंजींनी वाट बघून कटाळायचं, आन् म्या रांड व्हायाचं? ही कुटली रीत, दादा? तुमी दगडावर त्येनला मारलं की मंग ते आले तरी मेल्यालंच ऱ्हातील."

तिच्या आवाजात रडणं नव्हतं. तिला राग आला होता, आणि तो राग मला फार ओळखीचा वाटला. भाता मघाशीच थांबला होता. बायको उठली, आत गेली आणि कुंकवाचा करंडा घेऊन आली. दारी आलेल्या सवाष्णीला कुंकू लावतात तसं तिने तिला लावलं, खणानारळाने ओटी भरली आणि म्हणाली, "जेवून जा." ती जेवायला थांबली नाही. तिला गावात परत पोचायचं होतं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "साक्ष मागत बसा हो. हवी तितकी मागा."

आमचं इतकं एकमत लग्नानंतर प्रथमच झालं असावं.

पाटलांनी अखेर साक्षी आणलाच. एक बारगीर होता, मावळातला, एका पायाने अधू. उत्तरेतून मागत-मागत घरी पोचलेला. पाटलांच्या मुलाच्या पथकात होता. माणूस भला दिसत होता. पाटलांनी त्याला धोतर-पागोटं नवं केलं होतं आणि वाटेत बरंच पढवलंही असावं, कारण अंगणात शिरल्या शिरल्या तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पडला, पडला, म्या पाह्यलं."

"आधी हात ठेव," मी म्हणालो.

त्याने दगडावर हात ठेवला. दगड सावलीत होता, गार होता.

"सांग की रं," पाटील म्हणाले.

"सांजची येळ व्हती," तो म्हणाला. "धुरळा व्हता. कुनाला कोन दिसंना. मला त्येंचा घोडा दिसला. कपाळावर चांदनी, डावा कान फाटल्याला, त्योच. मोकळाच पळत व्हता, लगाम पायात गुततुया आन् घोडा पळतुया."

"आणि स्वार?"

"स्वार न्हवता."

"पडताना पाहिलास?"

त्याने पाटलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला. "हात हाय दगडावर. खोटं कसं बोलू?"

पाटलांचा चेहरा लाल झाला. "घोडा मोकळा पळत व्हता म्हंजी काय, कळत न्हाई व्हय तुला?"

"म्हणजे घोडा मोकळा पळत होता," मी म्हणालो.

त्यानंतर पाटील जे बोलले ते मी लिहीत नाही. पाथरवटाने दगड फोडावा, शास्त्र सांगू नये, असा त्याचा मथितार्थ होता. गावोगावच्या पाटलांना सांगून माझं काम बंद करतो असंही ते म्हणाले, आणि ते त्यांना जमण्यासारखं होतं. मीही गप्प बसलो नाही. शेवटी ते तडक बुधवार पेठेत कोतवालाच्या चावडीवर गेले आणि मला बोलावणं आलं.

चावडीवर माणसांची ही गर्दी. माझ्या आधी एका तेल्याची आणि त्याच्या मेव्हण्याची एका बैलावरून तक्रार चालू होती आणि बैलही बाहेर उभा होता. आमची पाळी आली तोवर कोतवाल जांभया देत होते.

"काय रे पाथरवटा, विडा उचललास की नाही?"

"उचलला, सरकार."

"मग काम का अडवतोस?"

"अडवत नाही. साक्ष अर्धी झाली आहे."

साक्ष म्हणजे काय हे मी सांगितलं. कोतवालांनी पाटलांना विचारलं, ही चाल तुम्हाला काम देताना ठाऊक होती काय? पाटील म्हणाले, ठाऊक होती, पण चाली काय, वर्षावर्षाला बदलतात. बाकीचे पाथरवट बघा. तेव्हा चावडीवरचा एक शहाणा कारकून मध्येच म्हणाला, "स्वार नसलेला घोडा म्हणजे स्वार पडला हे अनुमानाने सिद्ध होतं."

मी म्हणालो, "अनुमान कोरायचं कसं तेवढं आपण दाखवा. मी लगेच कोरतो."

चावडीवर लोक हसले. कारकुनाला हसण्यासारखं काही वाटलं नाही. कोतवालांना तेल्याच्या बैलाने आधीच दमवलं होतं. त्यांनी हुकूम केला, की पाथरवटाने झालेल्या साक्षीप्रमाणे दगड पुरा करावा आणि अक्षय्य तृतीयेला पाटलांच्या गावी पोचता करावा. पाटलांना वाटलं आपण जिंकलो. 'पुरा करावा' एवढंच त्यांनी ऐकलं. मी मात्र हुकूम सबंध ऐकला होता, आणि तो तंतोतंत पाळायचा असं चावडीच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं.

घोडे मी पुष्कळ कोरले होते, पण ते सगळे एकाच साच्यातले, मान वाकवलेले, एक पाय उचललेला. स्वार महत्त्वाचा, घोडा त्याच्याखाली असायला हवा म्हणून असायचा. आता घोड्याशिवाय माझ्याकडे काहीच नव्हतं. मी त्या बारगिराला दोन दिवस ठेवून घेतलं. पळताना शेपटी कशी होती, लगाम कुठल्या पायात होता, मान वळलेली होती का, तोंड कुठे होतं. त्याला आठवत नसेल तिथे मी काही घातलं नाही. घोडा मान मागे वळवून पळत होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. "काय शोधतुया जनू, आसा," तो म्हणाला. घोड्याच्या पाठीवर खोगीर कोरलं आणि खोगिरावरची जागा गुळगुळीत घासून मोकळी सोडली. घोड्याच्या पायाशी, जिथे एरवी पडलेला गडी असतो, तिथेही नुसता सपाट दगड. मधली चौकट कोरी. वरची कोरी. चंद्र-सूर्यही नाहीत.

गल्लीतले कारागीर पाहून गेले. एक म्हातारा, माझ्या बापाच्या वयाचा, म्हणाला, "अरे, ही वीरगळ नव्हे. लोक हसतील."

"हसू देत."

"काम मिळायचं नाही पुन्हा."

"जात्या-उखळांना टाकी लावून पोट भरीन." आणि पुढची काही वर्षं मी तेच केलं, तेव्हा म्हातारा चुकीचं बोलत नव्हता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे कोणी आशेने वाचत बसायला नको. पाटलांचा मुलगा परत आला नाही. लोक मला हे मुद्दाम ऐकवतात, "बघ, शेवटी मेलाच होता," म्हणून, जणू काही मी पैज हरलो. मी काय तो जिवंत आहे असं म्हणालो होतो? कोणी पाहिलं नाही, एवढंच म्हणालो होतो, आणि ते आजही खरं आहे. त्याची वाट पाहणं त्याच्या बायकोने कधी सोडलं, सोडलं की नाही, ते तिचं तिला ठाऊक. ते गावाने ठरवायचं नव्हतं, आणि माझ्या टाकीने तर मुळीच ठरवायचं नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला दगड घोंगड्यांत गुंडाळून गाडीवर चढवला. खालच्या चौकटीला टाकी लागली की उभी करेपर्यंत घरच्यांनी वीरगळ पाहायची नाही अशी रीत आहे, ती या वेळी माझ्या पथ्यावर पडली. बायकोही गाडीबरोबर निघाली. "तुम्हाला मारलं तर उचलून आणायला कोणीतरी हवं," ती म्हणाली. मुठा ओलांडून, रानारानांतून, उन्हं तापायच्या आत आम्ही कोथरूडला पोचलो.

मारुतीपुढे सगळं गाव जमलं होतं. हलगी वाजत होती. खड्डा खणून तयार होता. देवळाच्या एका अंगाला दोन-तीन म्हाताऱ्या विधवा बसल्या होत्या, त्यांच्यापुढे पाटा मांडलेला आणि पाट्यावर वरवंटा. त्यांच्या मागे पाटलांची सून उभी होती. हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि दोन्ही हात छातीशी घट्ट आवळून धरलेले. रात्रभर तिला समजावत होते म्हणे. तिच्या तोंडावरून ते कोणाला जमलं नव्हतं हे दिसत होतं.

गड्यांनी दगड खड्ड्यात उतरवला, भोवती माती-धोंडे ठासले. पाटलांनी नारळ हातात घेतला आणि मला खूण केली. मी घोंगडी ओढली.

हलगी थांबली. कोणालाच काही कळेना. मग मागून कोणीतरी विचारलं, "घोडा हाय. गडी कुटं हाय?"

"वरतं काय कोरलंच न्हाई की!"

"आर्दाच सोडला दगुड!"

पाटील काठी उगारून माझ्या अंगावर आले. बायको मध्ये पडायला पुढे सरकली, तिला मी हाताने मागे सारलं. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण भीतीपेक्षा राग मोठा होता, आणि माझा आवाज काही पाटलांपेक्षा लहान नव्हता.

"कोतवालाचा हुकूम आहे," मी ओरडून म्हणालो, "झालेल्या साक्षीप्रमाणे दगड पुरा करायचा. साक्ष झाली तेवढा पुरा केला आहे. घोडा पाहिला, घोडा कोरला. माणूस पडताना कोणी पाहिला नाही, तो मी पाडणार नाही. इथे जमलेल्यांत कोणी पाहिला असेल तर या पुढे, ठेवा दगडावर हात."

कोणी पुढे आलं नाही. तो बारगीर गर्दीतच होता, तो खाली बघत राहिला.

मी कमरेची टाकी काढली, हातोडा काढला आणि पाटलांपुढे धरला. "घोड्याच्या पायाशी जागा सोडली आहे, पाटील. माझ्या हाताने मी तुमच्या मुलाला मारणार नाही. तुम्हाला तो मेलेला हवा असेल तर घ्या टाकी. तुम्ही बाप आहात. तुम्हीच पाडा त्याला."

मला वाटलं ते काठी घालतील. त्यांनी काठी टाकली आणि टाकी माझ्या हातातून ओढून घेतली. हातोडाही घेतला. वीरगळीपुढे ते एका गुडघ्यावर बसले आणि घोड्याच्या पायाशी, त्या सपाट जागेवर, टाकीचं टोक टेकवलं. हातोडा वर गेला. त्या माणसाला राग इतका होता, की तो घाव बसला असता तर खोल बसला असता.

पण घाव घालायचा तर डोळा दगडावर ठेवावा लागतो. त्यांनी पाहिलं तेव्हा त्यांच्यासमोर तो घोडा होता. कपाळावर चांदणी, डावा कान फाटलेला, मान मागे वळवलेली. मला हे नंतर कळलं, की त्या घोड्याची आई व्याल्याबरोबर मेली होती आणि पाटलांनी स्वतः फडक्याने दूध पाजून ते शिंगरू जगवलं होतं, आणि मुलाला त्याच्या पाठीवर पहिल्यांदा बसवलं तेही त्यांनीच. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त हातोडा हळूहळू खाली येताना पाहिला. तो मातीत पडला. पाटलांनी आपला मोठा हात घोड्याच्या फाटक्या कानावर ठेवला, मग मानेवर, आणि जनावराला थोपटतात तसं थोपटू लागले.

"कुटं सोडून आलास रं त्येला?" ते म्हणाले. "आरं, कुटं सोडून आलास?"

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हे त्यांनी इतकं हळू विचारलं की पहिल्या रांगेपलीकडे कोणाला ऐकू गेलं नसेल. घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून ते रडू लागले. हा माणूस एवढं रडणं आत दाबून होता आणि मला इतके दिवस वाटत होतं हा नुसता मानाचा भुकेला आहे, हे मनात आलं आणि माझेही डोळे भरले. गावातल्या कोणी पुरुषाने पुढे व्हायचं धाडस केलं नाही.

सून पुढे आली. पाट्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांतली एक तिला अडवायला उठली होती, ती तशीच अर्धी उठून राहिली. सुनेने सासऱ्याच्या मुठीतून टाकी सोडवली आणि न बघता माझ्या हातात दिली. मग पदर सावरून खाली बसली आणि त्यांच्या दंडाला धरलं.

"मामंजी," ती म्हणाली, "उठा. घरला चला. सकाळधरनं प्वाटात काय न्हाई तुमच्या."

त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात त्यांच्या दंडाभोवती होते. त्याच हातांचा आधार घेऊन ते उठले.